लाकूड लई, जाळ लई

घरमालक भाडेकरूची जीभ बघतात, हे मला हैदराबादला येईपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या पुण्यात आडनाव बघतात, नोकरी बघतात, फार तर मासे खाता का असं आडून विचारतात. कुकटपल्लीतल्या त्या दुमजली घराच्या दारात मात्र पांढऱ्या मिशांच्या एका काटकुळ्या गृहस्थांनी माझी कागदपत्रं न उघडताच बाजूला ठेवली आणि म्हणाले, "जीभ काढ."

मी एजंटाकडे बघितलं. तो शांतपणे आपल्या चपलांकडे बघत होता, म्हणजे त्याला हे नवं नव्हतं. तेहतीस वर्षांची, सॉफ्टवेअरवाल्या बारा जणांची टीम सांभाळणारी मी एका परक्या शहरात, परक्या उंबऱ्यावर जीभ काढून उभी राहिले. गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला, मान तिरकी करून बघितलं आणि निकाल दिला.

"लाकूड लई. जाळ बी लई. माती नावाला नाही. वरची खोली देतो तुला. खाली मी राहतो. दोन जाळ एका मजल्यावर नक्को."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, त्या पोरीला आत तरी घ्या. मागच्या बारीला एकजण असाच पळून गेला." अशा रीतीनं मी काका-काकूंची भाडेकरू झाले आणि चार वर्षं राहिले.

काकांचे आजोबा बिदरकडची शेती भावाच्या हवाली करून हैदराबादला आले होते. घरात मराठीच चालायची, पण तिच्यात दख्खनी इतकी मुरली होती की पहिले काही दिवस मला अर्धं बोलणं अंदाजानंच समजून घ्यावं लागलं. त्यांना माझी मराठी बातम्या सांगणाऱ्या बाईसारखी वाटायची. "लई साफ बोलतीस," ते म्हणायचे, आणि ती तारीफ नसायची.

कुकटपल्लीच्या मागच्या बाजूला कारखान्यांच्या गल्लीत काकांची भट्टी होती. पोलादाचे सुटे भाग तापवायचे, लाल झाले की तेलात बुडवायचे, म्हणजे ते कडक होतात. पण नुसते कडक झालेले भाग काचेसारखे तडकतात. म्हणून त्यांना परत मंद आचेवर तासन्‌तास ठेवून त्यांचा ताठा थोडा कमी करायचा. याला टेंपरिंग म्हणतात आणि यात माणसानं काही करायचं नसतं, फक्त भट्टीचं दार बंद ठेवून थांबायचं असतं. तापवण्या-बुडवण्यात काका वाघ होते. थांबण्याचं मी पुढे सांगते.

त्यांच्या आयुष्यात चिनी तत्त्वज्ञान आलं तेही भट्टीबरोबरच, एकाच खोक्यातून आल्यासारखं. मी यायच्या आधी जुनी भट्टी मोडीत काढून त्यांनी चीनहून नवी मागवली होती. ती बसवायला एक तरुण चिनी कारागीर आला आणि सव्वा महिना राहिला. त्याला हिंदी येत नव्हती, यांना चिनी येत नव्हती, त्यामुळे दोघांच्या मध्ये मोबाइल बोलायचा. कारागीर काकूंच्या हातची ज्वारीची भाकरी खायचा आणि दिवसभर काकांना बघायचा. काका एकाच वेळी फोनवर भांडायचे, तेलाचं तापमान बघायचे, मल्लेशवर म्हणजे त्यांच्या वीस वर्षं जुन्या कामगारावर ओरडायचे आणि चहाही प्यायचे. शेवटी एक दिवस त्या कारागिरानं भट्टीच्या पत्र्यावर खडूनं वर्तुळ काढलं, त्यावर पाच खुणा केल्या आणि मोबाइलकडून वदवून घेतलं की जगात लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी अशी पाच तत्त्वं असतात आणि तुमच्याकडे फक्त पहिली दोन दिसतात.

दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर काकांनी त्याला तेलात बुडवलं असतं. पण इथे भट्टीवाल्याला भट्टीवाल्यानं सांगितलं होतं. लाकूड म्हणजे माणसाची वर वाढायची हाव, जाळ म्हणजे त्या हावेपायी तो पेटतो ते. लाकडानं जाळ वाढतो, जाळाची राख होऊन माती होते, मातीतून धातू निघतो, गार धातूवर पाणी धरतं आणि पाण्यावर परत लाकूड वाढतं. शिवाय प्रत्येकजण एकाला सोडून पुढच्याला आवरतो: पाणी जाळाला, जाळ धातूला, धातू लाकडाला. कुणात काय जास्त हे जिभेवरून ओळखायलाही त्या कारागिरानंच शिकवलं. काकांना यात देवधर्म दिसला नाही, चालू वर्कशॉप दिसलं. त्यांनी ते वर्तुळ स्वयंपाकघराच्या भिंतीवर ऑइलपेंटनं काढलं, काकूंचं पोळपाट भिंतीला टेकवून, त्याच्याच मापाचं. पोळपाटाला लागलेला रंग काकूंनी दोन दिवस घासला आणि त्या दोन दिवसांत घरात फक्त भात झाला.

गोची एवढीच, की संतुलन साधायचं ठरल्यावर काका त्याच्या मागे हात धुऊन लागले.

जाळ आवरायला पाणी पाहिजे, म्हणून एकोणसत्तराव्या वर्षी ते मागच्या सोसायटीच्या तलावात पोहायला जाऊ लागले. पंधरा दिवसांत ते घड्याळ लावून पोहत होते. महिन्याभरात शेजारी पोहणाऱ्या एका निवृत्त बँक मॅनेजरशी त्यांची शर्यत लागली होती आणि आपण शर्यतीत आहोत हे त्या बिचाऱ्याला माहीतही नव्हतं. "आज हरवलं त्याला," काका ओल्या टॉवेलात धापा टाकत सांगायचे. काकू त्यांचा रक्तदाब मोजायच्या आणि यंत्र माझ्यापुढे धरायच्या.

मग मातीची पाळी आली. माती माणसाला स्थिर करते, म्हणून गच्चीवर दुधी लावले. स्थिर होण्याची त्यांना इतकी घाई होती की रोज सकाळी टेपनं प्रत्येक दुधी मोजायचे. एखादा दोन दिवस वाढला नाही तर एरवी मल्लेशसाठी राखून ठेवलेल्या भाषेत त्याच्याशी बोलायचे. एकदा मी कपडे वाळत घालायला गेले तर हे एका वेलासमोर उकिडवे बसलेले, कानाच्या पाळ्या लाल.

"काय करताय काका?"

"मातीचं काम करायलोय," ते दात-ओठ खात म्हणाले. "लई शांत वाटायलंय."

सुलतान बाजारातल्या मराठी मंडळात त्यांनी एक व्याख्यानही दिलं. विषय होता 'महत्त्वाकांक्षेला आवर: चिनी पंचतत्त्वांच्या प्रकाशात'. श्रोते नऊ, त्यांतल्या काकू आणि मी घरच्याच. अर्ध्या तासाचं व्याख्यान दीड तास झालं तरी ते अजून लाकडातच होते. एका वृद्ध गृहस्थांनी हात वर करून विचारलं, की पंचमहाभूतांमध्ये वायू आणि आकाश असतात, ते तुमच्या चिनी यादीतून गेले कुठे. प्रश्न साधा होता. काकांनी टेबलावर मूठ आपटली. "वायू भट्टीला ब्लोअरनं देतात. आकाश घेऊन काय करता, त्यावर काय काम होतं?" पाण्याचा पेला आडवा झाला आणि पाणी चिटणीसांच्या वहीवर गेलं. चिटणीसांनी उठून पंखे बंद केले, ती तिथली सभा संपल्याची खूण. परतीच्या मेट्रोत काका म्हणाले, "पाणी सांडलं ते बरं झालं. जाळ थोडा कमी झाला." काकूंना इतकं हसू आलं की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला.

मी पुण्याला परत येऊन आता बरेच महिने झाले. अजूनही महिन्यातून एकदा त्यांचा निरोप येतो, जिभेचा फोटो पाठव. मी पाठवते. माझ्या फोनमधले ते फोटो कुणाच्या हाती लागले तर खुलासा करणं अवघड आहे.

माझ्याबद्दल त्यांचं निदान मला पहिल्या दिवसापासून झोंबलं होतं, कारण ते बरोबर होतं. मला मॅनेजर व्हायचं होतं. मी घरून काम करायचे त्या दिवशी खोलीत येरझाऱ्या घालत टीममधल्या प्रत्येकाला दर पंधरा मिनिटांनी विचारायचे, कुठवर आलं. खालून काका काठीनं छत ठोकायचे. "जाळ, बाई, जाळ!" एका मुलीनं राजीनामा दिला आणि जाताना लिहिलं, मॅडम हुशार आहेत, पण त्यांच्या हाताखाली मला श्वास घेता येत नाही. ते वाचून मी काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन रडले. काकूंनी पाठीवर हात ठेवला. काकांनी भिंतीवरच्या वर्तुळाकडे बोट केलं.

"तुझं लाकूड वाढवायला दुसऱ्याचं जाळायलीस तू."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. स्वतः बँक मॅनेजरशी चोरून शर्यती लावणाऱ्या माणसानं मला हे सांगावं, याचा मला संताप आला होता.

आता थांबण्याचं सांगते. विमानांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचं काम मिळावं, ही काकांची फार जुनी इच्छा होती. ट्रॅक्टरच्या पिना तर कुणीही कडक करतो, पण आपल्या भट्टीतून निघालेली वस्तू आकाशात गेली पाहिजे, असं ते म्हणायचे. आकाश घेऊन काय करता हे मंडळात विचारणारा माणूस तोच. त्या कंपनीनं नमुन्याच्या पिना दोनदा करून बघायला दिल्या होत्या आणि दोन्ही वेळा नापास केल्या होत्या. सगळ्या पिना सारख्याच कडक हव्यात, यांच्या कमी-जास्त निघाल्या. आता तिसरी आणि शेवटची संधी आली होती. या वेळी नापास झालं तर नाव यादीतून कायमचं जाणार होतं.

कंपनीनं मागच्या दोन चाचण्यांचे कागद मागवले. ते स्कॅन करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. भट्टीतलं तापमान एका लांब कागदावर रेघेनं उमटत असतं. टेंपरिंगच्या चार तासांत ती रेघ सपाट पाहिजे. काकांच्या कागदावर तिला खड्डे होते. मी मोजले, अकरा. दुसऱ्या चाचणीतही अकराच. काका आजवर सगळ्यांना सांगत आले होते की वीज कमी-जास्त झाली. पण वीज काही दर वीस मिनिटांनी घड्याळ बघून जात नाही.

मी कारखान्यात जाऊन मल्लेशला विचारलं. त्यानं आधी काका जवळपास नाहीत ना ते बघितलं.

"साब दरवाजा खोलते, मॅडम. हुआ क्या नै, हुआ क्या नै, झांकके देखते. मैं बोला तो मेरेकूच डांटते."

संध्याकाळी मी कागद काकांसमोर पसरला. "काका, हे विजेनं झालेलं नाही. दर वेळी दार उघडलंय. तुम्ही उघडलंय."

त्यांनी कागद बाजूला सारला. मग आवाज चढला. "माझी भट्टी. मी माझ्या भट्टीत बघायचं नाही?"

"बघितलं की बिघडतं."

"तुला काय कळतं भट्टीतलं?"

भट्टीतलं मला काहीच कळत नव्हतं. पण दर पंधरा मिनिटांनी कुठवर आलं विचारणाऱ्या बाईला ते खड्डे ओळखू आले होते. मी हे त्यांना सांगितलं नाही. चहा तसाच टाकून ते आत गेले आणि तीन दिवस आमचं बोलणं बंद राहिलं. छतसुद्धा ठोकलं नाही त्यांनी.

चौथ्या दिवशी सकाळी ते जिना चढून वर आले. एरवी ते माझ्या दारापर्यंत कधी येत नसत. हातात कारखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा होता.

"धातू," ते दारातच म्हणाले. "लाकडाला धातूच कापतो. हातातलं सोडायला लावतो तो. त्या चिनी पोरानं सांगितलं होतं मला, मी ध्यानच दिलं नाही. उगं पाणी आणि माती करत बसलो." त्यांनी किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "गुरुवारी चाचणी आहे. मल्लेश करील. मी जाणार नाही. पण घरात राहिलो तर जाणारच, माझा मला भरवसा नाही. तू मला कुठं तरी ने."

गुरुवारी माझ्या टीमचं वर्षभराचं काम पहिल्यांदा लोकांच्या वापरात यायचं होतं. माझी बढती त्याच्यावर लटकलेली होती. मी हे सांगितलं.

"ठाऊक आहे," काका म्हणाले. "म्हणूनच तुला म्हणायलोय. माझ्या एकट्याच्यानं होणार नाही."

आजवर त्यांनी मला शंभर उपदेश केले असतील, एकही मी ऐकला नव्हता. पण ते वाक्य उपदेशाचं नव्हतं. सत्तरीला आलेला एक हट्टी माणूस माझ्या दारात उभा राहून मदत मागत होता, आणि मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. मी सुट्टी टाकली. टीममधल्या दोघांवर काम सोपवलं आणि ते सोपवताना प्रत्येक गोष्ट तीनतीनदा सांगितली.

गुरुवारी सकाळी काकूंनी आमचे दोन्ही मोबाइल काढून घेतले आणि तांदळाच्या डब्यात घातले. मल्लेशचा फोन काकूंच्या मोबाइलवर येणार होता. आम्ही मेट्रोनं कोठीच्या बाजारात गेलो.

दोन व्यसनी माणसं एकमेकांना सांभाळायला निघाली तर जे होईल ते झालं. पुस्तकांच्या गल्लीत काकांनी मला विचारलं किती वाजले. मी मनगटावर बघून सांगितलं साडेदहा. दोन दुकानं पुढे गेल्यावर परत विचारलं. दर थोड्या वेळानं त्यांचा हात रिकाम्या खिशाकडे जायचा आणि माझा पर्सकडे, मग दोघंही काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पाट्या वाचायचो. एका कोपऱ्यावर मिरची भज्यांची कढई होती. काका तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. भजीवाला भजी सोडणार तेवढ्यात हे म्हणाले, "ठैरो. तेल तपा नै अभी." त्यानं सोडली. काकांनी चक्क त्याच्या झाऱ्याला हात घातला. "अंकल," तो म्हणाला, "मेरी कढाई है. तुम तुम्हारा काम करो."

"मेरा काम आज मल्लेश कर रहा," काका म्हणाले आणि एवढ्या मोठ्यानं हसले की भजीवाल्यानं आम्हाला दोन मिरच्या जास्त घातल्या.

एक वाजता मात्र ते हसू संपलं. सुलतान बाजारात कापडाच्या दुकानांसमोरून चालताना ते एकाएकी वळले आणि स्टेशनच्या दिशेनं झपाझप निघाले. मी धावत जाऊन त्यांची बाही धरली.

"सोड."

"नाही सोडणार."

"आत्ता दार लावलं असंल त्यानं. एकदा नुसतं बघतो. हात लावत नाही."

"काका, तुम्ही गेलात तर ते नक्की जाईल."

भर बाजारात एक म्हातारा आणि एक बाई बाहीची ओढाताण करत होती. लोक बघत होते. काका एका दुकानाच्या पायरीवर बसले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही.

"मी सत्तरीचा आहे, बाई. आता गेलं तर परत मिळत नाही."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. दुकानदारानं आधी हटकायला तोंड उघडलं, मग काकांकडे बघून आतून पाण्याची बाटली आणून दिली. आम्ही तिथे पुष्कळ वेळ बसलो. काकांनी परत वेळ विचारली नाही आणि त्यांची बाही मी मुठीतून सोडली नाही. माझं स्वतःचं सांगायचं तर तेवढा वेळ मी माझ्या कामाचा विचारसुद्धा केला नाही, कारण सगळा जीव त्या बाहीत होता.

रात्री आठ वाजता घरी पोचलो. काकू पुढच्या दारात उभ्या होत्या.

"मल्लेशचा फोन आला होता. पास झालं म्हणाला."

"किती?" काका म्हणाले.

"सगळ्या. चाळीसच्या चाळीस. तो तपासायला आलेला माणूस कागद बघून खूश झाला म्हणं. रेघ सरळ आली म्हणून."

काकूंनी तांदळाचा डबा उघडून आमचे फोन झटकून हातात दिले. माझ्या फोनवर एकच निरोप होता. सगळं सुरू झालं मॅडम, काही अडचण नाही. फोन एकही आलेला नव्हता. मला आनंदानं नाचावंसं वाटायला हवं होतं. मला आला तो राग. एकालाही माझी आठवण झाली नव्हती.

काका आपल्या फोनकडे तशाच नजरेनं बघत होते.

"मला विचारायला मल्लेशनं एकदा बी फोन केला नाही?"

"नाही," काकू म्हणाल्या.

"तुझा वाजला का गं?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, काका."

ते पायरीवर बसले. मी त्यांच्या शेजारी बसले. इतक्या वर्षांचं मनातलं झालं होतं, आणि दोघांचेही चेहरे हिरमुसलेले होते.

"मग इतकी वर्षं आपण काय करायलो होतो?" काका म्हणाले. ते विचारत होते मला, पण उत्तर काकूंनी दिलं.

"चाळीस वर्षं मला ताट झाकून वाट बघत बसवत होतात," काकू म्हणाल्या. "उठा आता. आज जेवण गरम आहे."